धारवाडची दोन घरं

वर्ड्‌स्वर्थच्या 'डव्ह कॉटेज'ला जाऊन आलेल्या मराठी माणसांचे लेख मी आजवर बरेच वाचले. बहुतेक सगळे दिवाळी अंकांतले. त्यांची चाल ठरलेली असते. लंडनहून निघालेली गाडी, खिडकीबाहेरच्या मेंढ्या, विंडरमिअर स्टेशन, मग ग्रासमिअरचं तळं, बुटकी दारं, अंधाऱ्या खोल्या, कवीची खुर्ची आणि शेवटी उंबरठ्यावर पाणावलेले डोळे. हे लेख मला आवडायचे. अकरावी-बारावीच्या मुलांना मराठी शिकवताना मी त्यातले एक-दोन वर्गात वाचूनही दाखवले आहेत. पण निवृत्त झाल्यावर एकदा ते पुन्हा काढून वाचले, तेव्हा लक्षात आलं, की यातल्या एकाही लेखाने मला वर्ड्‌स्वर्थची कविता वेगळी वाचायला लावलेली नाही. घर पाहण्याआधी लेखकाला कविता जेवढी कळली होती, तेवढीच घर पाहिल्यावरही कळलेली होती. मध्ये फक्त प्रवास झाला होता.

मग लेखकाचं घर बघायला जायचं तरी कशाला? हा प्रश्न मला एका तळ्याकाठी पडला. ते तळं इंग्लंडातलं नव्हतं, धारवाडातलं होतं. मिरजेहून गाडीत बसलं की अडीचशेच्या आसपास किलोमीटर. दुपारपर्यंत माणूस पोचतो.

मी कुपवाडला राहते. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महापालिका १९९८ साली झाली. पण नाट्यपंढरी म्हणून सांगलीचं नाव होतं आणि संगीतासाठी मिरजेचं, तेव्हा कुपवाडच्या वाट्याला एमआयडीसी येते. इथल्या कारखान्यांत कामाला आलेल्यांपैकी पुष्कळ घरं कानडी बोलणारी आहेत. काही पिढ्यांपासून इथलीच, काही अथणी-रायबागकडून आलेली. माझ्या वर्गात दरवर्षी अशी आठ-दहा मुलं असायची. घरात कानडी, रस्त्यावर मराठी, वहीत शुद्ध मराठी. जी. ए. कुलकर्णी शिकवताना मी कविपरिचयासारखं लेखकपरिचयाचं टिपण सांगायचे. जन्म बेळगाव, १९२३. धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक. 'निळासावळा', 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन', 'काजळमाया'. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग ते भाजी आणायला गेले की कानडीत बोलायचे?"

वर्ग हसला. मीही हसले आणि पुढे गेले. त्या मुलीने जीएंबद्दल विचारलेला प्रश्न मला माहीत असलेल्या बऱ्याच समीक्षेपेक्षा चांगला होता, हे कळायला मला धारवाडला जावं लागलं.

प्रश्न टाळण्याचं कारणही सांगून टाकते. माझी आई रायबागजवळच्या एका खेड्यातली. तिची भाषा कानडी. लग्न होऊन ती इकडे आली, मराठी शिकली, पण शेवटपर्यंत तिची मराठी कानडीच्या वळणाने चालायची. मी सातवी-आठवीत असताना मैत्रिणी घरी आल्या की मी तिला आधीच सांगून ठेवायचे, त्यांच्यासमोर माझ्याशी कानडीत बोलू नकोस. ती बोलायची नाही. नंतर नंतर तर ती एरवीही माझ्याशी कानडीत बोलेनाशी झाली. जात्यावर म्हणतात तशा लयीत ती एक पद गुणगुणायची, तेवढं मात्र कानडीच राहिलं. पुढे मी मराठीची एम. ए. झाले. कानडी मला ऐकून कळते, वाचता येत नाही, आणि बोलायला गेलं की तोंडात खडे आल्यासारखं होतं.

मिरजेहून सकाळची गाडी निघाली, की शेडबाळ, उगार आणि मग कुडचीच्या अलीकडे कृष्णेचा पूल. सांगलीत आपण जी कृष्णा घाटावरून बघतो, ती इथे पसरलेली, संथ, उसाच्या मधून जाणारी दिसते. पुलाच्या अलीकडेच केव्हातरी स्टेशनवरच्या पाट्यांवर कानडी पहिली येते. डब्यातली भाषा मात्र पाट्यांप्रमाणे एकदम बदलत नाही. समोरच्या बाकावरची बाई मोबाइलवर एका वाक्यात मराठी आणि पुढच्या वाक्यात कानडी बोलत होती. ती भाषा बदलत होती असंसुद्धा म्हणवत नाही. तिच्या दृष्टीने ते एकच बोलणं चाललेलं होतं. रायबाग आलं आणि गेलं. घटप्रभा ओलांडली, गोकाक रोड, पाच्छापूर, बेळगाव. खानापूरनंतर माती लाल होते, झाडी दाट होते. लोंढ्याला गोव्याकडे जाणारा फाटा लागतो. अळणावर मागे पडलं की जंगल विरळ होत जातं आणि धारवाड येतं. धारवाड म्हणजे मलनाडाच्या पावसाचा आणि देशावरच्या कोरडेपणाचा सांधा. पाऊस इथे येतो तो जोर घालवून, रिमझिम होऊन. म्हणून या गावात तळी आहेत. साधनकेरी, केलगेरी ही ठिकाणांची नावंच तळ्यांची आहेत. कानडीत 'केरे' म्हणजे तळं.

या रेल्वेचीही धारवाडशी जुनी ओळख आहे. सदर्न मराठा रेल्वे नावाची जी कंपनी १८८२ साली निघाली, तिचं मुख्यालय धारवाडला होतं. नावात मराठा आणि ठिकाण धारवाड. त्या काळी हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यात. कचेरीत आणि शाळांत मराठीचा वरचष्मा. कानडी घरातली मुलं मराठी शाळेत शिकत. त्या दबावाविरुद्ध धारवाडातच १८९० साली कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला. आपल्याकडे सीमाप्रश्न म्हटलं की १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि त्यानंतरचा महाजन आयोग एवढंच आठवतं, आणि त्या गोष्टीत मराठी नेहमी अन्याय झालेल्याच्या बाजूला असते. त्याआधीच्या काळात, याच रेल्वेमार्गावर, दबाव टाकणारी भाषा मराठी होती. मी आईशी जे केलं ते फार लहान प्रमाणावर तेच होतं.

गाडीत मला वर्ड्‌स्वर्थची आठवण झाली ती वेगळ्याच कारणाने. १८४४ साली केंडलहून विंडरमिअरपर्यंत रेल्वे न्यायचं ठरलं, तेव्हा या कवीने तिला कडाडून विरोध केला. सुनीत लिहिलं, 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये पत्रं लिहिली. त्याचं म्हणणं असं, की निसर्गाची गोडी कळायला मनाची तयारी लागते. कामगारांना गाडी भरभरून तळ्याकाठी आणून सोडलं तर त्यांना काही मिळणार नाही आणि तळंही बिघडेल. रेल्वे १८४७ मध्ये झालीच. गंमत म्हणजे त्या प्रदेशाचं सर्वांत नावाजलेलं प्रवासी मार्गदर्शकही वर्ड्‌स्वर्थनेच लिहिलेलं होतं. लोकांनी यावं, पण त्याच्यासारख्याच लोकांनी यावं. डव्ह कॉटेजच्या मराठी लेखांत मला ही गोष्ट वाचल्याचं आठवत नाही. ती आली असती तर कुपवाडच्या एमआयडीसीजवळून निघालेल्या वाचकाला त्या घराच्या दारात जरा थबकावं लागलं असतं. आणि मग त्या कवीच्या कवितेतले भिकारी, गुराखी, फिरते म्हातारे पुन्हा वाचून बघावे लागले असते, की तिथे ज्याच्याबद्दल एवढा जिव्हाळा आहे तो माणूस गाडीत बसून आला तर चालत का नाही. घर बघण्याचा उपयोग झालाच तर असा होतो. लेखक आणि त्याचं लेखन यांच्यातलं अंतर तिथे पायांना लागतं.

साधनकेरीला रिक्षावाल्याने "बेंद्रे अज्जांच्या घराकडं" म्हणताच काही न विचारता नेलं. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, जन्म धारवाड, ३१ जानेवारी १८९६. कानडीतले विसाव्या शतकातले थोर कवी. 'नाकुतंति' या संग्रहासाठी १९७३ चं ज्ञानपीठ. घर तळ्यासमोर आहे, घराचं नाव 'श्रीमाता'. शेजारी त्यांच्या नावाचं स्मारक-भवन. तळ्याला आता बाग आहे, पोरं तिथे खेळतात. बेंद्र्यांची एक कविताच साधनकेरीला बोलावणारी आहे, आणि त्या बोलावण्यातलं क्रियापद जवळच्या माणसाला, घरातल्या पोराला मारावी तशा हाकेचं आहे. वर्ड्‌स्वर्थ गाडी नको म्हणत होता. हा माणूस ये रे म्हणतो आहे.

मराठी वाचकाला बेंद्र्यांबद्दल पहिली माहिती असते ती ही, की ते घरी मराठी बोलत. कोकणस्थ घर, मातृभाषा मराठी, शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला, आणि १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षं सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कानडीचे प्राध्यापक. मराठीतही त्यांनी लिहिलं. 'संवाद' हे त्यांचं मराठी पुस्तक आहे. ही माहिती आपण जरा अभिमानाने सांगतो, जणू ज्ञानपीठातला थोडा वाटा आपलाही. पण त्यांचं टोपणनाव बघा. अंबिकातनयदत्त. अंबिकेचा मुलगा दत्त. आईचं नाव घेतलं आणि आईच्या भाषेत कविता लिहिली नाही. धारवाडच्या त्या काळात, जेव्हा कचेरीची आणि शिकलेल्यांची भाषा मराठी होती, तेव्हा मराठी घरातल्या मुलाने कानडी निवडणं म्हणजे जोरकसाकडून दबलेल्याकडे जाणं होतं. आणि त्यांनी कानडीसुद्धा कोणती निवडली? पंडितांची नव्हे. धारवाडच्या पेठेतली, शेतातली, बायकांची. कानडी येणारे सगळे जाणकार हे सांगतात. कानाने मलाही ते जाणवलं, कारण त्यांच्या कवितेतले शब्द ऐकताना मला जे कळतात ते माझ्या आईचे आहेत.

तळ्याच्या कट्ट्यावर एक गृहस्थ बसले होते. निवृत्त शिक्षक निघाले, कानडी माध्यमाच्या शाळेतले. त्यांनी मला कानडीत विचारलं, कुठून आलात. मला प्रश्न कळला आणि मी उत्तर हिंदीत दिलं. मराठीत नाही, कानडीत नाही, हिंदीत. ते मराठी चांगलं बोलत होते. मग आम्ही मराठीतच बोललो. मी त्यांना आईचं ते पद गुणगुणून दाखवलं. मला त्याच्या दोन ओळी येतात. इतकी वर्षं माझी समजूत होती, की ते बेंद्र्यांचं असणार. कुठेतरी मला तसं असायला हवं होतं. आईने बेंद्रे म्हटले, म्हणजे आईला ज्ञानपीठ मिळाल्यासारखं.

त्यांनी ऐकलं, मान हलवली. म्हणाले, "हे बेंद्र्यांचं नव्हे हो. हे बीसुकल्लिन पद. जात्यावरचं. आमची आईही असलंच म्हणायची." मग थोडं थांबून म्हणाले, "बेंद्र्यांनीच हे असलं ऐकलं असणार."

मी तिथे तासभर तरी बसले. समीक्षेत आपण प्रभाव हा शब्द वापरतो, आणि तो नेहमी वरून खाली येतो असं धरून चालतो. मोठा कवी लिहितो, मग ते लोकांच्या ओठांवर जातं. धारवाडच्या मुलखात ते उलट झालं. विजापूरकडच्या हलसंगी गावातल्या मित्रांनी बायकांची जात्यावरची गाणी गोळा करून 'गरतिय हाडु' नावाने छापली. आपल्याकडे बहिणाबाईंच्या ओव्या छापील पानावर येताना लोकांना जे आश्चर्य वाटलं, तशीच ही गोष्ट. बेंद्र्यांच्या कवितेतली लय अशा आयांकडून आलेली आहे. मूल गेल्यावर बायकोच्या नजरेसमोर उभं राहता न येणाऱ्या नवऱ्याची त्यांची जी कविता कर्नाटकात सर्वांना माहीत आहे, त्यामागे त्यांच्या स्वतःच्या घरातली मुलं गेलेली आहेत. पण ती एका घराची कैफियत वाटत नाही, कारण ती ज्या सुरात आहे तो सूर आधीच हजार घरांत रडलेला आहे. कवीने आईच्या भाषेऐवजी दुसऱ्यांच्या आयांची भाषा घेतली. माझ्या आईची घेतली. आणि मी माझ्या आईची भाषा सोडून प्रमाण मराठी घेतली.

आता दुसरं घर.

जीए याच गावात तीसेक वर्षं राहिले. जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. फोटो, सभा, सत्कार यांच्यापासून लांब राहणं ही त्यांची ख्याती. डोळ्यांवर काळा चष्मा. शेवटी ते पुण्याला गेले आणि ११ डिसेंबर १९८७ ला तिथेच वारले. धारवाडला जाणारा मराठी वाचक त्यांचं घर शोधतोच. मीही निघताना ठरवलं होतं, पत्ता विचारत जायचं. साधनकेरीहून उठल्यावर तो बेत मी सोडून दिला.

कारण मला 'स्वामी' आठवली. 'पिंगळावेळ'मधली ही कथा मी वर्गात शिकवलेली नाही, पण सर्वांत जास्त वेळा वाचलेली हीच. आडगावी अडकलेल्या एका प्रवाशाला मठातले लोक आग्रहाने आत नेतात, त्याची उत्तम व्यवस्था करतात, आणि मग त्याच्या लक्षात येतं, की आपल्याला भुयारातल्या खोलीत कायमचं कोंडलं आहे. आता तो स्वामी. त्याला जेवण मिळेल, मान मिळेल, बाहेर त्याची पूजा होईल. फक्त त्याला बाहेर पडता येणार नाही. ही कथा आपण नियती, अस्तित्व, मुक्ती असल्या शब्दांत समजावून घेतो, आणि ते चूक नाही. पण साधनकेरीचं भवन बघून आल्यावर मला ती लेखकांच्या स्मारकांची कथा वाटली. लेखक हा वाटसरू. आपण, म्हणजे मठातली नम्र, आदबशीर माणसं, त्याला आत घेतो. त्याची खुर्ची, त्याची चष्म्याची डबी, त्याचा टाक जपतो. आणि एकदा तो स्वामी झाला, की त्याने बाहेर येऊन काही वेगळं बोलण्याची शक्यता संपते. त्या कथेत बाहेर, उजेडाकडे जाते ती एक वेल. माणूस आतच राहतो. जीएंना काय हवं होतं हे मला कसं ठाऊक असणार? पण ज्याने ही कथा लिहिली त्याच्या दारावर पाटी शोधत फिरणं मला जमलं नाही.

मात्र घर न पाहता गावातून चालताना त्या मुलीचा प्रश्न सारखा डोक्यात होता. भाजी आणायला गेले की कानडीत बोलायचे? अर्थातच. इथल्या पेठेत दुसरं काय बोलणार? आणि मग या साध्या गोष्टीचा जीएंच्या गद्याशी काय संबंध, हे कोणी विचारत का नाही?

जीएंच्या गद्याबद्दलची एक जुनी तक्रार आहे. उपमा फार. प्रत्येक वस्तूला दुसरी वस्तू चिकटलेली. वाक्य घडवलेलं, घासलेलं, रस्त्यावर कोणी बोलणार नाही असं. 'रमलखुणा'पर्यंत येताना तर गाव, काळ, जात, बोली सगळं गळून पडतं आणि कुठल्यातरी प्राचीन, नाव नसलेल्या मुलखातली माणसं जवळजवळ ग्रंथासारखी बोलतात. पुण्या-मुंबईच्या समीक्षेने याला कधी प्रतिमासृष्टी म्हणून डोक्यावर घेतलं, कधी कृत्रिम म्हणून नाक मुरडलं. दोन्हींनी गृहीत धरलं, की मराठी लेखकाभोवती मराठी रस्ता असतोच, आणि जीएंनी तो मुद्दाम नाकारला. धारवाडच्या लेखकाभोवती तो रस्ता नव्हता. दिवसभर कानडी, कॉलेजात इंग्रजी, आणि मराठी फक्त घरात आणि कागदावर. अशा माणसाची मराठी रोजच्या वापराने झिजत नाही, की ताजीही होत नाही. ती पितळेच्या जुन्या भांड्यासारखी कपाटात राहते आणि बाहेर काढली की घासूनच वापरली जाते. बोलीचा हेल जे काम एका शब्दात करतो, ते त्याला उपमेकडून करून घ्यावं लागतं. जीएंच्या उपमा ही नुसती हौस नाही. ती गरजही असावी असं मला आता वाटतं.

यावर आक्षेप येतील, आणि ते मी स्वतःच घेतले. पहिला, हे फार सोयीचं आहे. धारवाडात मराठी घरं होती, जीए काही बेटावर नव्हते. खरं आहे. दुसरा, त्यांच्या आधीच्या संग्रहांतली माणसं चांगली बोलकी आहेत. कारकून, विधवा, कर्जात बुडालेले भाऊ, सोसणाऱ्या बहिणी. ही पुस्तकी माणसं नव्हेत. हेही खरं. पण ती बोली कुठली आहे? ती बेळगावच्या बाजूच्या घरांतली, कानडी हेलाला खेटून वाढलेली, लहानपणी कानावर पडलेली मराठी आहे. म्हणजे तीही आठवणीतलीच. जीए जसजसे धारवाडात मुरत गेले तसतशी कथेतली बोली मागे सरत गेली आणि घडवलेली भाषा पुढे आली. मृत्यूनंतर आलेल्या 'माणसे : अरभाट आणि चिल्लर'मध्ये ती बोलकी मराठी परत येते, ती लहानपणाकडे परत जाताना.

तिसरा आक्षेप सर्वांत चांगला आहे, आणि त्यानेच माझं म्हणणं पक्कं केलं. जीएंची पत्रं. सुनीता देशपांडे यांना आणि इतरांना लिहिलेली ती पत्रं वाचताना हा तोच माणूस का, असा प्रश्न पडतो. थट्टा, खोड्या, पुस्तकांवरची फटकेबाजी, खाण्यापिण्याच्या गोष्टी. पाल्हाळिक, मोकळी, बडबडी मराठी. मग रस्ता नव्हता कसं म्हणता? पण पत्रं हाच तो रस्ता होता. ओसरीवर बसून शेजाऱ्याशी जे बोलायचं, ते या माणसाला पोस्टाने पाठवावं लागलं. बोलकी मराठी सगळी लिफाफ्यात गेली आणि कथेसाठी दुसरी उरली.

घरच्यांच्या तोंडी या लेखकाचं नाव बाबुआण्णा होतं. बहिणीच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'प्रिय बाबुआण्णा'. त्यातला अण्णा कानडीतून आलेला आहे, जशी अक्का आली, जसं आपलं तूप आलं. मराठीत सर्वांत घडवलेलं गद्य लिहिणाऱ्या माणसाला घरात हाक मात्र अर्धी कानडी होती.

दोन्ही माणसं एकाच गावात, एकाच काळात. १९७३ साल तर दोघांचंच म्हणायचं. बेंद्र्यांना त्या वर्षीचं ज्ञानपीठ आणि जीएंना 'काजळमाया'साठी साहित्य अकादमी. प्रकाशनवर्षावरून वाद झाल्यावर जीएंनी पुरस्कार परत केला. मराठी घरातला एक जण रस्त्यावर उतरला, रस्त्याची भाषा घेतली, आणि गावाने त्याला अज्जा केलं. मराठी घरातला दुसरा दार लावून आत बसला आणि घरातल्या भाषेचं त्याने लेणं केलं. कोणतं थोर, हा प्रश्न मला पडत नाही. पण आपण मराठी वाचक पहिल्याला 'मुळात आपलाच' म्हणून खिशात घालतो आणि दुसऱ्याच्या मराठीतलं धारवाड पुसून टाकतो. दोन्ही वेळा चूक तीच. भाषा ही एका रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे राहते, अशी आपली समजूत.

गाणाऱ्यांना ही रेघ कधी आडवी आली नाही. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेला नीलकंठबुवा अलूरमठ यांच्याकडे शिकले. ज्या मार्गाने मी गेले त्याच मार्गावरची ही दोन गावं. मन्सूर नाट्यगीतं गायचे आणि वचनंही. धारवाडातलं त्यांचं घर, 'मृत्युंजय', आता स्मारक आहे. तिथे मला अडखळायला झालं नाही. सुराला लिपी नसते म्हणून असेल. वाचणाऱ्याला मात्र लिपी आडवी येतेच. बेंद्र्यांच्या घरासमोर उभी राहून मी त्यांच्या पुस्तकाचं एक पान उघडलं होतं आणि मला एकही अक्षर लागलं नव्हतं. माझ्या आईच्या भाषेतलं पान.

परतीची गाडी संध्याकाळची होती. रायबाग आलं तेव्हा अंधार पडलेला. दोन मिनिटं गाडी थांबली. फलाटावर कोणीतरी कोणाला तरी विचारत होतं, "ऊटा आतेन?" जेवण झालं का. आई मला हेच विचारायची, मी बंद करेपर्यंत.

आता मी कानडीची बाराखडी गिरवते आहे. शिकवते ती आमच्याच गल्लीतल्या एका कामगाराची सातवीतली मुलगी. तिला मी मराठी निबंध शिकवते, ती मला अक्षरं शिकवते. 'ळ' दोन्हीकडे आहे म्हणून तिला आनंद झाला. बेंद्र्यांपर्यंत पोचायला मला वेळ लागेल. पण पुन्हा वर्गावर जायची वेळ आली असती, तर जीएंच्या लेखकपरिचयात 'धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक' यापुढे एक वाक्य वाढवलं असतं : ते बाजारात कानडी बोलत. आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलीला म्हटलं असतं, आता यावरून कथा वाचून दाखव.